कोपरखळी

गेल्या वर्षी डिसेंबरात माझ्या डाव्या कोपराला लिंबू लागले. झाडाला लागते तसेच. आदल्या दिवसापर्यंत काही नव्हते आणि सकाळी पाहावे तो चांगले टपोरे, गोल, हाताला मऊ लागणारे लिंबू कोपराच्या टोकाला लोंबते आहे! 'पाहावे तो' असे मी म्हणतो खरा, पण स्वतःच्या कोपराचे टोक आरशावाचून नीट दिसत नाही. ते प्रथम पाहिले आमच्या सौ.नी. टॉवेल देता देता त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे काय घेऊन आलात?" जणू काही कॉलेजातून येताना मी ते मंडईतून आणले होते!

ते कॉलेजातूनच आणले होते, हे पुढे उघडकीला आले. पण त्या दिवशी आम्हां दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. दिवस उत्तरपत्रिका तपासण्याचे होते. परीक्षा विद्यार्थी देतात आणि भोगतात प्राध्यापक, हा अनुभव आता मला वीस वर्षांचा आहे. उत्तरपत्रिका तपासण्याची माझी बैठकही तितकीच जुनी आहे: उजव्या हातात लाल पेन, डावे कोपर टेबलावर आणि डाव्या तळहातावर गाल. संत नामदेव महाराज आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे. पण त्यांना सतराव्या शतकात ढकलणारा एखादा तरी विद्यार्थी दरसाल भेटतोच. त्या वेळी गालाचे सारे वजन तळहातावर, तळहाताचे मनगटावर आणि मनगटाचे कोपरावर येते. कोपराचे कुणावर येते याचा विचार मी कधी केला नव्हता.

गंमत अशी की ते लिंबू मुळीच दुखत नव्हते. दुखणारा आजार असला म्हणजे माणसाला घरात काही किंमत येते. चहा जागेवर मिळतो. न दुखणारा आजार म्हणजे लोकांच्या करमणुकीचा विषय! स्टाफरूममध्ये मी बाही वर केली आणि तिथे अध्यापक मंडळींची परिषदच भरली. भूगोलाच्या सरांनी ती चरबीची गाठ ठरवली. रसायनशास्त्राच्या बाईंनी युरिक ॲसिडचे नाव घेतले. ग्रंथपालांनी बिब्बा घालायला सांगितले. आणि हळद? तिचे नाव न काढील तो हिंगोली जिल्ह्यातला कसला? आमच्याकडची हळद देशभर जाते. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तर घरच्या लेपालाही एक सरकारी वजन आले आहे. मी आठ दिवस हळद आणि तुरटीचा लेप लावला. सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या झाल्या. लिंबू मात्र हिरवेच राहिले, म्हणजे पिकले नाही की गळले नाही.

पुण्याहून मेहुण्यांचा फोन आला. त्यांचा सल्ला आमच्या घरी आदराने ऐकला जातो, कारण ते पुण्याला राहतात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी खांद्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. ते म्हणाले, "भावजी, उगीच लेप लावत बसू नका. कापून टाका. एक दिवसाचं काम आहे."

हे माझ्या मनाला एकदम पटले. कापून टाकणे! वा! मराठी माणसाला निकाल लावणारी गोष्ट आवडते. शिवाय, खरे सांगायचे तर, शस्त्रक्रियेला एक प्रतिष्ठा आहे. 'सरांना लेप लावला' आणि 'सरांचं ऑपरेशन झालं' या दोन वाक्यांत केवढे अंतर! पहिल्याने कुणी भेटायला येत नाही. मी मनातल्या मनात रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवला.

आमच्या गावात अस्थिरोगतज्ज्ञ आहेत ते माझे जुने विद्यार्थी. अकरावी-बारावीला त्यांना मी मराठी शिकवले होते. त्यांचे अक्षर तेव्हाही वाचता येत नव्हते; पुढे त्यांनी योग्य तो व्यवसाय निवडला. माझे कोपर त्यांनी हातात धरले, वाकवले, सरळ केले, गाठीवर दोन बोटांनी दाबून पाहिले आणि एकदम हसू लागले.

"सर, याला इंग्रजीत काय म्हणतात ठाऊक आहे? स्टुडंट्स एल्बो! विद्यार्थ्याचं कोपर! पुस्तकावर कोपर टेकून अभ्यास करणाऱ्या पोरांना होतं म्हणून हे नाव. आमच्या वेळी वर्गात एकालाही झालं नव्हतं, तुम्हांला आठवत असेल."

कोपरखळी म्हणतात ती हीच!

मग त्यांनी कागदावर एक चित्र काढून दाखवले. अक्षरापेक्षा चित्र बरे होते. हाड, त्यावर कातडी, आणि दोहोंच्या मध्ये चपटी, रिकाम्यासारखी दिसणारी एक पिशवी. तिला बर्सा म्हणतात. आत अगदी थेंबभर बुळबुळीत पाणी असते. हाडावरून कातडी किंवा स्नायूची दोरी सरकताना घासू नये म्हणून निसर्गाने ही सोय केलेली आहे. अशा पिशव्या आपल्या अंगात दीडशेच्या आसपास आहेत. खांद्यात, कमरेजवळ, गुडघ्याभोवती, टाचेमागे. कातडीखालच्या काही तर जन्मतः नसतातही. मूल रांगू लागते, टेकू लागते, तशा त्या घर्षणाने तयार होतात. एकाच ठिकाणी सारखा दाब पडला, मार लागला, की पिशवीचे अस्तर चिडते आणि पाणी सोडू लागते. पिशवी फुगते. ते माझे लिंबू.

मला स्वतःला यात रस वाटला तो शब्दाचा. घरी येऊन कोश काढला. बर्सा म्हणजे लॅटिनमध्ये पैशाची पिशवी; त्याआधी ग्रीकमध्ये नुसते कातडे. इंग्रजीतली पर्स त्याच घराण्यातली. गरीब विद्यार्थ्याला मिळते ती बर्सरी तीच आणि युरोपातल्या शेअरबाजाराला बोर्स म्हणतात तेही त्याच कुळातले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आजोबांची चंची आली. सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी, सगळ्यांना वेगवेगळे कप्पे, आणि गुंडाळून कमरेला खोचली की आत काही आहे असे वाटूही नये! मराठीत बर्साला चंची म्हणावे असे माझे मत झाले आहे. परिभाषा घडवणारी विद्वान मंडळी ते मानणार नाहीत, ही गोष्ट वेगळी. सुश्रुताने सांध्यातल्या कफाला वंगण दिलेल्या आसाची उपमा दिली आहे. चाकाच्या आसाला वंगण घातले की ते सुखाने फिरते, तसा सांधा. पण ते वंगण सांध्याच्या आतले. ही चंची सांध्याच्या बाहेरची. हा भेद डॉक्टरांनी मला दोनदा समजावून सांगितला, आणि तो किती महत्त्वाचा आहे हे पुढे दोन महिन्यांनी कळले.

"मग कापायचे कधी?" मी विचारले. खिशात रजेचा अर्ज वाट पाहत होता.

"कापायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

माझा चेहरा पडलेला पाहून ते समजुतीने बोलू लागले. बहुतेकांची ही सूज काही आठवड्यांत, फार तर दोन-चार महिन्यांत आपोआप उतरते; अट एकच की कोपर टेकायचे नाही. कोपराच्या टोकाला कातडी पातळ, खाली लगेच हाड, रक्ताचा पुरवठा बेताचा, आणि हात तर दिवसभर वाकणार. अशा जागी घातलेली जखम कधी कधी भरतच नाही. तिथून पाणी झिरपत राहते, टाके सुटतात, पू होतो. त्यातूनही पिशवी काढली तरी शरीर तिथे घर्षणाने पुन्हा नवी तयार करू शकते! म्हणजे मी टेबलावर कोपर टेकायचे सोडले नाही तर दुसरी चंची शिवून मिळणार. सुईने पाणी काढले तर सूज तात्पुरती उतरते, पण पुष्कळदा परत भरते, आणि सुईच्या वाटेने जंतू आत जाण्याचे भय असते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने सूज लवकर जाते, पण कातडी आणखी पातळ होते आणि पू होण्याचा धोकाही असतो. ज्याला दुखत नाही त्याने हे कशाला करावे?

मी मेहुण्यांच्या खांद्याचा दाखला दिला. डॉक्टरांनी मेहुण्यांविषयी काही म्हटले नाही, पण एक हकिगत सांगितली. खांद्याच्या वरच्या हाडाखालीही अशीच एक पिशवी असते. तिथे दुखत असले की दुर्बिणीने ती पिशवी काढायची आणि हाड थोडे तासायचे, ही शस्त्रक्रिया जगभर हजारोंनी होत आली. मग इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ३१३ रोग्यांवर एक तपासणी केली. काहींची खरी शस्त्रक्रिया केली. काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, आत काहीच केले नाही. कुणाचे काय केले हे रोग्याला सांगितले नाही. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: दोघांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. पुढच्या वर्षी फिनलंडमधूनही तसाच निकाल आला. मी हे मेहुण्यांना अजून सांगितलेले नाही. त्यांचा खांदा बरा आहे आणि सणासुदीला येणेजाणे आहे.

तात्पर्य, कोपराला फोमची एक गादी आणि हलका दाबपट्टा घेऊन मी घरी आलो. रक्तातली साखर आणि युरिक ॲसिड तपासून झाले होते. दोन्हींचा दोष नव्हता. दोष टेबलाचा होता.

मंडळी, या कोपराचे आमच्या घरात जे कौतुक झाले ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. टेबलावर उशी ठेवण्यात आली. भाजीची पिशवी डाव्या हाताने घ्यायची मला मनाई झाली. येणारा-जाणारा प्रत्येक जण गादी उचलून पाहून जाई. या सगळ्या गडबडीत रोज सकाळी आठ वाजता टेबलाखालून एक आवाज येई, "सर, पाय वर घ्या." मी उत्तरपत्रिकेवरची नजर न काढता पाय वर घेई. फडके फिरे. मी पाय खाली सोडी.

तो आवाज आमच्या मावशींचा. त्या आमच्याकडे सहा वर्षे धुणीभांडी आणि फरशी पुसणे करतात. एक गुडघा फरशीवर टेकून, दुसरा पाय दुमडून, फडके लांब फिरवत त्या मागे मागे सरकत जातात. सकाळी पाच घरे. आणि शेताची कामे निघाली की दुपारी रोजाने शेतात. पावसाळ्यात हळदीची खुरपणी, जानेवारीपासून काढणी. पाला कापून झाला, सरी उकरली गेली, की ओल्या मातीतून कंद वेचायचे, झटकायचे, मोडून वेगळे करायचे. ते काम उभ्याने होत नाही. तिथेही तोच गुडघा.

फेब्रुवारीत एका सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी सौ. त्यांच्या घरी जाऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो, तुमच्या डॉक्टरांना फोन लावा. मावशींचा गुडघा बघवत नाही."

गुडघ्याच्या वाटीवर लालभडक सूज होती, मोसंब्याएवढी. हात लावला तर चटका बसेल अशी गरम. अंगात ताप. मी विचारले, "मावशी, हे केव्हापासून?"

"गाठ व्हय? ती दोन वर्सं हाय. दुखत नव्हती म्हून काई केलं नाई, सर. आता काढणीत लय सुजली तवा गावाकडं एकानं सुई टोचून पाणी काढून देलं. दोन दिवस हलकं वाटलं, मग असं झालं."

दोन वर्षे! दोन वर्षे ती गाठ रोज सकाळी आठ वाजता माझ्या टेबलाखालून, माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून सरकत गेली होती. माझ्या कोपराला गादी बांधली गेली त्या दिवशीही गेली होती.

जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदी लेखकाचे 'थ्री मेन इन अ बोट' नावाचे १८८९ सालचे पुस्तक आहे. एम.ए.ला असताना मी ते वाचले तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. त्यातला नायक वैद्यकाचा ग्रंथ उघडून बसतो आणि पाहतो तो अक्षरमालेतला एकूण एक रोग आपल्याला झाला आहे! फक्त एक झालेला नसतो: हाउसमेड्स नी, म्हणजे मोलकरणीचा गुडघा. हाच कसा राहिला म्हणून त्याला अपमान वाटतो. विनोद उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मावशींना रिक्षात बसवताना तो मला आठवला आणि त्या पानावर आपण नेमके कशाला हसलो होतो हे काही केल्या सांगता येईना. तो रोग त्या नायकाला होणारच नव्हता. त्याच्या घरची फरशी दुसरे कुणीतरी पुसत होते.

डॉक्टरांनी पहिल्या प्रथम एकच गोष्ट पाहिली. मावशींचा गुडघा हळूहळू, अगदी सावकाश, त्यांनी हलवून पाहिला. थोडा हलला. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "सांधा वाचलाय बहुतेक," ते मला म्हणाले. "पू वरच्या पिशवीत आहे. आत सांध्यात गेला असता तर गोष्ट वेगळी होती; तिथे तास मोजावे लागतात." मघाशी सांगितलेला आतला-बाहेरचा भेद तो हा. नीट उकळलेल्या नव्हे, तर कारखान्यातून मोहोरबंद आलेल्या सुईने त्यांनी पू काढला आणि तपासायला पाठवला. कातडीवर नेहमी वस्तीला असणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू निघाला. अशा पिशव्यांत बहुधा तोच निघतो. तपासण्यांत मावशींच्या रक्तातली साखरही वाढलेली निघाली, जी त्यांना ठाऊकच नव्हती.

जंतुनाशक औषधे सुरू झाली. ताप गेला. लाली उतरली. पण पिशवी उतरेना. दर तीन-चार दिवसांनी ती पुन्हा भरे. दोन वर्षांच्या दाबाने तिची भिंत जाड झाली होती, आत पडदे पडून कप्पे झाले होते. एका कप्प्यातला पू काढावा तो दुसऱ्यात शिल्लक. माझ्या आजोबांची चंची! तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता कापावं लागेल, सर."

दोन महिन्यांपूर्वी ज्या वाक्यासाठी मी खिशात अर्ज घेऊन बसलो होतो ते वाक्य मला असे दुसऱ्याच्या नावावर ऐकायला मिळाले. आणि मी, ज्याने शस्त्रक्रियेचे सोहळे मनात रचले होते तो मी, डॉक्टरांना विचारू लागलो की औषधाने नाही का होणार? थांबून पाहिले तर? ते म्हणाले, "तुम्हांला थांबा म्हटलं ते तुमच्या पिशवीत नुसतं पाणी होतं म्हणून. इथे पू आहे, पिशवी जुनी आहे, औषध आणि सुई दोन्ही करून झालं आहे. आणि साखर आहे. आता थांबणं हाच धोका आहे."

मावशींचे प्रश्न निराळे होते. पहिला, "पाय ऱ्हाईल ना?" पाय राहणार होता; सांध्याला हातही लावायचा नव्हता. दुसरा, "शिवरात्रीला औंढ्याला जाता येईल का?" औंढा नागनाथाचा गाभारा खाली आहे; अरुंद पायऱ्यांनी अंग चोरून उतरावे लागते. डॉक्टर म्हणाले, यंदा घरूनच नमस्कार करा. तिसरा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला नाही, बाहेर आल्यावर सौ.ना विचारला: "ताई, किती दिवस खाडा व्हईल?"

शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात झाली. कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर केले होते. वाटीवर चीर घेऊन, कातडी अलगद उचलून, ती जाड झालेली पिशवी वाटीपासून आणि कातडीपासून सोडवून सबंध काढली. रक्त साठू नये म्हणून एक बारीक नळी ठेवली, घट्ट पट्टी बांधली आणि पाय सरळ राहावा म्हणून मागे लांब फळीसारखा पट्टा लावला. काढलेली पिशवी डॉक्टरांनी मला दाखवली. मी साहित्याचा माणूस. फार वेळ पाहू शकलो नाही. काळपट लाल, सुरकुतलेली, बोटभर जाडीची. मावशींच्या मुलाने मात्र ती नीट पाहिली आणि म्हणाला, "एवढी पेंड घेऊन आय खाली बसायची?"

टाके दोन आठवड्यांनी निघाले. पण गुडघा वाकवायचा तो बेताने, आणि टेकायचा तर नाहीच. निदान तीन महिने. डॉक्टर सांगत होते, मावशी मान डोलावत होत्या, आणि मी त्या दोघांकडे पाहत होतो. 'विश्रांती' हा शब्द माझ्या कागदावरही याच डॉक्टरांनी लिहिला होता. मला त्याचा खर्च आला एका उशीचा. मावशींना त्याच शब्दाचा खर्च पाच घरांचा महिना आणि हळदीच्या हंगामाचा रोज, एवढा होता. आमच्या घराने पगार चालू ठेवला. ते सांगण्यासारखे काही केले असे नव्हे. उरलेल्या चार घरांपैकी दोघांनी अर्धा दिला. एकाने दुसरी बाई ठेवली. चौथ्या घरच्या बाईंनी सौ.ना फोन करून विचारले, "पण त्यांना आता खाली बसून पुसता येईल ना पुन्हा?"

मला हे नंतर वाचायला मिळाले: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांची जी यादी सुधारून काढली, तीत कोपर फार वेळ दाबून होणारी पिशवीची सूज आणि गुडघ्यावर फार वेळ राहून होणारी सूज, दोन्ही आहेत, चक्क एकाखाली एक. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत बसक्या भुयारांत गुडघ्यांवर काम करणाऱ्या मजुरांना हा रोग इतका होई की तिकडे तो भरपाई मिळण्याजोगा धंद्याचा आजार म्हणून केव्हाच कायद्याच्या यादीत गेला. म्हणजे माझे लिंबू आणि मावशींचे मोसंबे कागदावर शेजारी शेजारी आहेत. कागदाबाहेर ती शेजारी आहेत ती आमच्या घरात: एक टेबलाच्या वर, एक टेबलाच्या खाली. भरपाईची बाब निघाली तर मला निदान एक कॉलेज आहे, मस्टर आहे, रजा आहेत. मावशींचा मालक कोण? पाच घरे मिळून एक मालक होत नाही.

मराठीत 'गुडघे टेकणे' म्हणजे हार पत्करणे. वर्गात मी हा वाक्प्रचार किती वेळा वाक्यात उपयोग करून दाखवला असेल! आता तो फळ्यावर लिहिताना खडू जरा अडखळतो. ज्या बाईने तीस वर्षे रोज गुडघा टेकला तिने हार केव्हा पत्करली होती? टेकायचा नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडावर हरल्यासारखे काही दिसले.

माझे लिंबू मार्चपर्यंत आपोआप सुकून गेले. आता कोपराला थोडी सैल कातडी राहिली आहे, ती वाकवल्यावर दिसत नाही. रजेचा तो अर्ज परवा एका पुस्तकात खूण म्हणून सापडला.

मावशी मे अखेर कामावर आल्या. त्यांच्यासाठी आम्ही लांब दांड्याचा पोछा आणला होता. त्यांनी तो चार दिवस वापरला आणि कोपऱ्यात उभा करून ठेवला. "कोपरे निघत नाईत ह्यानं. ताईंनाच चालंल असलं पुसणं." यावरून सौ.त आणि त्यांच्यात जे संभाषण झाले ते मी उत्तरपत्रिकांच्या आडून ऐकले. शेवटी तडजोड झाली ती अशी: मधली फरशी पोछ्याने, उभ्याने. कोपरे एका बुटक्या पाटावर बसून. आणि शेतात गेल्या तर खुरपणीला पोत्याची चौपदरी घडी बुडाखाली, गुडघ्याखाली नव्हे. माझी कोपराची फोमची गादी मी त्यांना देऊ केली. त्यांनी ती गुडघ्याला लावून पाहिली, हसल्या आणि परत दिली. "एवढूशी हाय. ही सरांच्याच मापाची."

श्रावणात एका सोमवारी त्यांनी सुट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी आल्या त्या औंढ्याचा प्रसाद घेऊन. मी विचारले, "गाभाऱ्यात उतरता आलं का?"

"उतरले की. गर्दी लय व्हती, पर उतरले."

"आणि गुडघा?"

मावशींनी एकवार स्वयंपाकघराकडे पाहिले. सौ. तिथे होत्या. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पिंडीपुढं टेकला, सर. एकच डाव. तेवढा चालतो का, त्या डॉक्टरला इचारून ठेवा. पर मह्या नावानं इचारू नका."

आणि पाट सरकवत त्या टेबलाशी आल्या. "पाय वर घ्या," म्हणाल्या.